राजूर घाटाचं आवतन

माझ्या नावापुढे बी.एस्सी. ही अक्षरं आहेत ती कुसुम इंगळे यांच्यामुळे. जन्म आईवडिलांनी दिला, अक्षर शाळेनं दिलं, पण अमडापूर ते चिखली हा वीस किलोमीटरचा रस्ता मला सिस्टरांनी दिला. तो मिळाला नसता तर मी आज मेहकरच्या शाळेत विज्ञान शिकवत नसतो. त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. मंगळवारी दुसऱ्या तासाला धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, सिस्टर गेल्या," तो म्हणाला, मग हळूच त्यानं विचारलं, "तुमी परवाच घाट चढले होते ना?" तेव्हापासून हाच प्रश्न मला निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो आहे. उत्तर द्यायचंच आहे, तर ते एकदाच आणि सगळ्यांसमोर द्यावं म्हणून लिहायला बसलो.

सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या उपकेंद्राच्या नर्स. पांढरी साडी, काळी लेडीज सायकल आणि मागच्या कॅरिअरला बांधलेला लशींचा निळा डबा. डोंगराच्या पायथ्याच्या सात-आठ गावांतल्या एका अख्ख्या पिढीला त्यांनी सुया टोचल्या. त्यात मीही आलो. आमच्या घरी मेथीचे अन् सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे. कॉलेजात जाणारा घरातला पहिला मीच, त्यामुळे कॉलेज कसं टिकवायचं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. पहिल्याच वर्षी सकाळी सातचं प्रॅक्टिकल लागलं आणि गावातून पहिली बस आठला. महिनाभर प्रॅक्टिकल बुडालं, मग मी जाणंच सोडून दिलं. एक दिवस सिस्टर वाफ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"काऊन रे दिनेश, कॉलेज बंद आहे काय?"

"गाडी नाही ना सिस्टर सकाळची."

"गाडी नाही? मले कोणत्या दिवशी गाडी होती रे? गाडी नाही म्हणून तुले बिनसुईचा ठेवला असता तर चाललं असतं काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आपली सायकल घेऊन दारात हजर. पहिला आठवडा माझ्यासोबत निम्म्या वाटेपर्यंत आल्या. कुठे वारा तोंडावर येतो, कुठली कुत्री नुसती भुंकतात आणि कुठली खरंच चावतात, कोणाच्या मळ्यातलं पाणी प्यावं, हे सगळं त्यांनी दाखवलं. त्यांचं अंतराचं मापच वेगळं होतं. किलोमीटर त्यांना सांगता यायचे नाहीत. डब्यातल्या बर्फाच्या थैल्या किती विरघळल्या यावर त्या रस्ता मोजत. थैली कानाशी धरून हलवायची. आत पाण्याचा आवाज कितपत येतो ते ऐकायचं. "चिखली म्हणजे उन्हाळ्यात पाव बर्फ, हिवाळ्यात काहीच नाही," त्या म्हणत. मी तीन वर्षं तो पाव बर्फाचा रस्ता रोज जाऊन-येऊन तुडवला आणि पदवी घेतली.

निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं, आता बाई घरी बसतील. त्यांनी गिअरची सायकल घेतली. साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला, सलवारीच्या घोट्याला रबर लावलं आणि ओढणीवर हेल्मेट चढवलं. "आता बर्फाची घाई नाही, आता पाहात जाऊ," असं म्हणत नोकरीतले जुने रस्ते एकमेकांना जोडायला लागल्या. पेनटाकळीचं पाणी, येळगावचं धरण, बोथ्याचं जंगल, राजूर घाट उतरून मोताळ्याकडचं नळगंगेचं पाणी. आमच्या जिल्ह्यात सायकल म्हणजे गरिबाची नाहीतर शाळकरी पोरांची. साठीतली बाई ती हौसेनं चालवते, याचं लोकांना नवल आणि थोडा रागसुद्धा. चहाच्या हॉटेलात एक म्हातारे मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "सिस्टर, काशीले जायचं वय झालं, अन् तुम्ही घाटाघाटानं काय करून राह्यल्या?" सिस्टरांनी बशी खाली ठेवली. "काशीले तुमी जाऊन या भाऊ. आल्यावर मले सांगा, चढ किती आहे."

एकदा त्यांनी आम्हा चौघांना, सुट्टीला त्यांच्यासोबत सायकलवर निघणाऱ्यांना, एका जुन्या रस्त्यानं नेलं. वीस वर्षांपूर्वी ज्या गावाला लशी न्यायच्या तो रस्ता. नकाशा पाहू दिला नाही. "मले पाठ आहे." रस्ता छान होता, दोन्हीकडे निंब... आणि एका वळणानंतर डांबर सरळ पाण्यात उतरलं. गाव धरणात गेलं, माणसं वर नव्या वस्तीत गेली, हे त्यांना ठाऊक होतं. पण अंगवळणी पडलेल्या रस्त्यानं ते त्यांना विसरायला लावलं. आम्ही हसायला लागलो. त्या चप्पल काढून घोटाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. "इथून पुढं अठ्ठेचाळीस घरं होती. रस्ता तर बरोबरच आणला म्या. पाणी नवं आहे." मग आमचं हसू थांबलं.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चढ बंद सांगितला. नागपूरला असलेली त्यांची मुलगी जयू आईला आपल्याकडे न्यायला निघाली होती. तिनं मला फोन केला. "दादा, आई माहं ऐकत नाही. तू सांग तिले, सायकल बंद. तुह्यं ऐकते." मी हो म्हणालो. त्यांच्या घरी गेलो. सिस्टर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जयूनं पाठवलं ना तुले? मंग बोल." मी पिकाचं बोललो, शाळेचं बोललो, चहा पिऊन मेहकरला परत आलो. आणि समोर जे बोलता आलं नाही ते पत्रात लिहून टाकलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या रविवारी आम्ही दोघं नळगंगेपर्यंत गेलो आणि राजूर घाट चढून परत आलो. चढताना सात वेळा थांबलो. दोन वळणं त्या सायकल हातात धरून चालल्या. एका मोटारसायकलवाल्यानं "आजी, दोरी बांधून टोचन लावू काय?" म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "आधी तुह्यं पेट्रोल पाह्य." वर पोचल्यावर त्यांचे ओठ निळसर झाले होते. ते मी पाहिलं. लपवत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या झोपेतून उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हे कधीही होणार होतं. त्या वाक्याच्या आड मला लपायचं नाही. कदाचित घाटानं त्यांचे काही महिने नेले असतील. मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही.

पुण्यानुमोदनाला लोक श्रद्धांजली वाहायला जमले, तेव्हा मांडवात कोणीतरी म्हणालं, "मास्तरनं नेलं बाईले." जयू माझ्याशी बोलली नाही. आठ दिवसांनी तिचा फोन आला. उशीखाली पत्र सापडलं होतं. "तुले मी थांबव म्हटलं होतं दादा. तू तर आवतन धाडलं." मी म्हणालो, "हो." जयूचा राग खरा आहे. तिला दिलेला शब्द मी मोडला आणि त्याची माफी मी तिच्यापाशी मागतो. पण पत्राची माफी मागणार नाही. उरलेले दिवस कसे घालवायचे हे ज्या बाईनं स्वतः ठरवलं, तिला आता सगळे मिळून माझ्या मागे बसवून नेलेली बिचारी म्हातारी करून राहिले आहेत. त्या कोणाच्या मागे बसून कुठे गेल्या नाहीत. म्हणून ते पत्र खाली देतो. जयूनं फोटो काढून पाठवलं, त्यावरून उतरवलं आहे. एक शब्दही बदललेला नाही.

आदरणीय सिस्टर,

परवा घरी आलो तो जयूचा निरोप घेऊन आलो होतो. तोंडातून निघाला नाही, म्हणून इथे लिहितो. जयू म्हणते, सायकल बंद करा. डॉक्टर म्हणतात, चढ बंद करा. दोघंही तुमच्या भल्याचंच सांगतात. डॉक्टर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त शिकलेले आहेत. निरोप पोचवला.

आता माझं. तुम्ही नागपूरला गेलात तर मी दर महिन्याला येईन आणि तुम्हाला कमी लेखणार नाही. पण जाण्याआधी नळगंगेचं पाणी पुन्हा एकदा पाहायचं आहे असं तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात. तुम्ही मला कधी ये म्हटलं नाही की थांब म्हटलं नाही, नुसत्या दारात येऊन उभ्या राहिलात. मला तुम्हाला थांबा म्हणता येत नाही. या म्हणायचाही अधिकार माझा नाही.

रविवारी पहाटे भाऊ भाजी घेऊन बुलढाण्याच्या बाजाराला निघेल. गाडी तुमच्या दारापाशी थांबेल. सायकल वर चढवायची की हात हलवून त्याला पुढे लावायचं, हे तुम्ही ठरवा. तो काही विचारणार नाही, मी त्याला तसं सांगून ठेवलं आहे. मी येळगावच्या धरणावर उभा राहीन. गाडी रिकामी आली तरी मला वाईट वाटणार नाही.

खोटं लिहिलं. वाटेल.

तुमचा,
दिनेश