शेगावच्या बाजारातला सूड

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं, कारण ती सांगितली की नर्सबाईसोबत माझंही पितळ उघडं पडतं.

पहिल्या बाळंतपणाला बायकोला मी बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. कळ आली तशी ती आत ओरडली आणि नर्सबाईनं तिला थापड मारली. "नवऱ्याजवळ जाताना गोड वाटलं, आता काऊन बोंबलून राह्यली?" ओट्यावरची माणसं हसली. मीही हसलो, आणि दारातून म्हणालो, "बाई, अजून एक द्या. तशी ऐकत नाही ती."

त्या बाईवरचा राग मात्र मी सांभाळून ठेवला. चार वर्षांनी शेगावच्या बाजारात ती आमच्या वांग्यांच्या ढिगाशी आली. मी तिची पिशवी मागं ढकलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "अडलेल्या बाईले मारणाऱ्या हाताले आमचं वांगं भेटत नाही." ती मान खाली घालून गेली. मला फार बरं वाटलं. खरं सांगतो, आजही वाटतं.

शेजारी बसलेली बायको वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणाली, "तिनं एकच मारली होती. दुसरी तुम्ही मांगितली."

तेव्हाच 'माझं चुकलं' म्हणायला हवं होतं. मी पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगितला. त्यानंतर तीस वर्षं ती बाजारात माझ्या शेजारी बसली, आणि एक दिवस गेली. ते दोन शब्द मी तिला कधी म्हणालोच नाही.