दीर्घायुषी देवाचा खोकला

हल्ली लिआऊ बी-खिमकडे बाहुल्यांचा खेळ शिकायला मुली येतात. शिकून झालं की माझ्या गाडीवर सोयाबीनचं खारं दूध प्यायला बसतात आणि विचारतात, "मावशी, तुमच्या वेळी बायकांना फार अडचणी होत्या का हो?"

मी सांगते, छे, कसल्या अडचणी! आमच्या गावात बायकांना कशाचीच बंदी नव्हती. फक्त काही करताना त्या कोणाला दिसता कामा नयेत, एवढंच. बी-खिमने हा नियम इतका मन लावून पाळला की वर्षानुवर्षं माचोदेवीच्या देवळासमोर तिने खेळ केले आणि गावाला पत्ता लागला नाही. गावाने टाळ्या मात्र भरपूर वाजवल्या. तिच्या बापासाठी.

माझी गाडी देवळाच्या पायऱ्यांशी, खेळाच्या मंचाला पाठ लावून उभी असते. गावाला पुढून दिसतो तो सोनेरी नक्षीचा मंच, रेशमी कपड्यातले देव, फडफडणारे झेंडे. मला मागून दिसतात घामेजलेली माणसं. त्यामुळे गावाचं आणि माझं बऱ्याच बाबतींत एकमत होत नाही.

तिचे वडील लिआऊ मास्तर आमच्या किनाऱ्यावरचे नावाजलेले खेळकरी. हातात बाहुली घातली की तीन बोटांत ती चालायची, रडायची, पंखा उघडायची. खेळातली सगळी पात्रं एकटा मास्तर बोलतो, म्हातारा, पोर, सेनापती, नर्तकी, वेळ पडली तर वाघसुद्धा. त्यांना एक मुलगा, बुन-थाई, आणि एक मुलगी, बी-खिम. विद्या मुलाला द्यायची हे ठरलेलं होतं. मुलाला ती नको होती, पण तो मुद्दा कोणी विचारात घेतला नाही.

खेळातली जुनी पद्यं शिकवायला एक गुरुजी घरी यायचे. गुरुजी आले की बुन-थाई मागच्या दाराने खेकडे धरायला जायचा. चहा घेऊन आलेली बी-खिम दाराशी उभी राहायची आणि पाठ करायची. संध्याकाळी मास्तर परीक्षा घ्यायचे, तेव्हा ती भावाच्या पाठीमागे उभी राहून कुजबुजायची. अशा रीतीने बुन-थाई विद्वान झाला.

शिवाय पेटाऱ्याचा नियम होताच. बाहुल्यांच्या पेटाऱ्यात नटांचा देव राहतो, त्यावर बाईने बसायचं नाही. बुन-थाई त्यावर बसायचा, सुपारी चघळून शेजारी लाल पिंका टाकायचा, जेवण झालं की आडवा व्हायचा. एकदा दारू पिऊन त्यावर ओकलाही. नटांच्या देवाने काही मनाला लावून घेतलं नाही. बी-खिम त्याच पेटाऱ्यातल्या बाहुल्यांचे कपडे शिवायची, चेहरे रंगवायची, दाढ्या चिकटवायची, कोणी बघत नसताना हातात चढवून नाचवायची, आणि हे सगळं शेजारी उकिडवी बसून. टेकली असती तर देव बाटला असता.

मग मास्तरांच्या घशाला गाठ झाली आणि आवाज गेला. हात तसेच होते. मंडळी बंद पडायची वेळ आली, तेव्हा एका खेळाला मी मागून पाहिलं तर मास्तर उभे राहून बाहुल्या नाचवत होते आणि त्यांच्या पायाशी, मंचाखाली, मांडीवर माइक घेऊन बी-खिम बसली होती. सेनापती गरजला तेव्हा माझ्या हातातली पळी पडली. गावाला सांगितलं होतं की मास्तर आवाज खेळापुरता राखून ठेवतात.

खेळ संपल्यावर देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष क्वा माझ्या गाडीवर आले. "काय आवाज लागला होता मास्तरांचा! असा आवाज एखाद्या बाईच्या सात पिढ्यांत निघायचा नाही."

बी-खिम तिथेच दूध पीत उभी होती. "वहिनी," ती मला म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

गावात माझं नाव टोफूवाली वहिनी. दुसरंही एक आहे, पण ते कोणाला लागत नाही.

मास्तर गेले त्याच्या पुढच्या वसंतात माचोदेवीचा वाढदिवस आला. माचोदेवी म्हणजे समुद्र राखणारी, मूळची एका कोळ्याची पोर. दरवर्षी देवीसमोर एकेका घराचं नाव वाचून दोन लाकडी कौल टाकतात, एक उताणा आणि एक पालथा पडला की होकार. ज्या घराला ओळीने जास्त होकार, त्या घरी वर्षभर देवीचं धूपपात्र राहतं आणि वाढदिवसाचा पहिला खेळ, देवांचा खेळ, त्या घराच्या नावाने होतो. दाढीवाला दीर्घायुषी देव येतो, बाकीचे देव येतात, आणि पद्यात त्या मानकऱ्याचं नाव गुंफून आशीर्वाद देतात. नाव घेतलं नाही तर आशीर्वाद कोणाला लागणार?

त्या वर्षी कमिटीने वाचलं, "इऊ सुई-बू!" आणि देवी होकार देत सुटली. इऊ सुई-बू म्हणजे माझा नवरा. तो वारून बरीच वर्षं झाली होती. पण घर अजून त्याच्याच नावाने वाचायचे, कारण घराला कर्ता लागतो, आणि मेलेला पुरुष जिवंत बाईपेक्षा केव्हाही बरा. धूपपात्र माझ्या घरी आलं. पाहुण्यांचा पाहुणचार मी करायचा, डुक्कर मी कापून आणायचं. अध्यक्ष म्हणाले, "खेळात नाव सुई-बूचंच घेऊ. शोभून दिसेल."

खेळाची आखणी करायला कमिटी बसली होती, त्याच बैठकीत बी-खिम आली. हात स्वच्छ धुतलेले, केस बांधलेले.

"काका, यंदाचा खेळ मी करते."

"कपडे शिवून ठेवलेस ना? झालं की मग."

"कपडे नाही, खेळ. देवांचा खेळसुद्धा. बाबांचा घसा गेल्यापासून मीच बोलतेय."

अध्यक्षांनी बुन-थाईकडे पाहिलं. बुन-थाईने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "घरातली बाई मदत करतेच की. पाणी देते, एखादी ओळ आठवून देते. म्हणून काय तिने खेळ केला?"

"दादा, माझ्याकडे बघून बोल."

त्याने बघितलं नाही. अध्यक्षांनी समजावणीचा सूर लावला. "अगं पोरी, देवांचा खेळ म्हणजे काय टोफू विकणं आहे? बाईच्या तोंडून देव बोलायला लागले तर देवी कोपणार नाही का?"

मी तिथे चहा देत होते. म्हटलं, "अध्यक्षसाहेब, माचोदेवी बाईच आहे."

"होती," ते म्हणाले. "देवी झाल्यावर ते संपलं."

मग बुन-थाईने खिशातून कॅसेट काढली. "बाबांचा आवाज आहे यात. देवांचा अख्खा खेळ. मी हात चालवतो, आवाज बाबांचा लागेल." कमिटीतल्या पुरुषांचे डोळे भरून आले. "म्हणजे मास्तर अजून आपल्यातच आहेत!" एकाने तर नाक शिंकरलं. ती कॅसेट कोणाच्या आवाजाची आहे हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं. एकाला सांगायचं नव्हतं, दोघींना कोणी विचारणार नव्हतं.

बाहेर आल्यावर बी-खिम पायरीवर बसली. "वहिनी, यांना माझा आवाज चालतो. मीच चालत नाही." तिला रडू येत नव्हतं, आणि मला तेच बघवेना. बापाची विद्या होती, तीही चोरून घेतलेली, आणि आता तिच्याच डोळ्यांदेखत भाऊ ती टेपात घालून स्वतःच्या नावावर करत होता. हा एक खेळ गेला की मंडळी कायमची त्याची होणार, आणि ती जन्मभर दाढ्या चिकटवणार.

वाढदिवसाच्या सकाळी देवळासमोर मुंगीला जागा नव्हती. फटाके झाले, ढोल-झांजा झाल्या, सनई लागली. बी-खिमला मंचाजवळ फिरकायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून ती माझ्या गाडीशी स्टुलावर येऊन बसली. कर्ण्यातून दीर्घायुषी देवाचा घोगरा आवाज आला आणि गावाने हात जोडले.

बी-खिम शून्यात बघत होती. तिचे ओठ हलत होते. मग हळूहळू आवाज फुटला, तोच घोगरा, म्हातारा. देव जे बोलणार ते ती अर्धा श्वास आधी बोलत होती. माझ्या गाडीवर पिठाच्या तळलेल्या कांड्या खात बसलेल्यांनी माना वळवल्या.

"त्या वर्षी मला सर्दी झाली होती," ती म्हणाली. "आता खोकेल बघा."

दीर्घायुषी देव खोकला.

कांडी खाणारा एकजण ठसकला. "अजून एकदा खोकेल," बी-खिम म्हणाली, "आणि मग नाक ओढेल."

देव खोकला. देवाने नाक ओढलं.

आता हसू पसरत पुढच्या रांगांपर्यंत गेलं. अध्यक्ष खुर्चीतून उठले. "शांतता! मास्तर आजारी होते तेव्हाची टेप आहे ती!"

कालवं विकणारी एक म्हातारी, तोंडात दात नाही पण जीभ शाबूत, ओरडली, "मास्तरांचा घसाच गेला होता, मग खोकतंय कोण?"

बी-खिम उठून उभी राहिली. तिने आवाज चोरणं सोडलं. कर्ण्यातला देव आणि स्टुलाजवळची बाई एकाच आवाजात बोलत होते, बाई जरा पुढे, देव जरा मागे. हसणं थांबलं. मंचावर बुन-थाईच्या हातातला दाढीवाला बावरून इकडेतिकडे बघू लागला. त्याची आजवरची ती सगळ्यात जिवंत हालचाल होती.

आणि मग आली मानकऱ्याच्या नावाची ओळ. कर्ण्याने मोठ्या भक्तिभावाने सांगितलं, "यंदाचे धूपपात्राचे मानकरी, श्रीमान गाऊ सिओक-खुन! यांना पुत्र, धन आणि शतायुष्य लाभो!"

गाऊ सिओक-खुन म्हणजे टेप भरली त्या वर्षीचा मानकरी. देवळाच्या छपराचं तांबं विकून तो परागंदा झालेला. गावभर एकच गलका उडाला. वर्षाचा आशीर्वाद, बोटींचा, कालवांचा, पोराबाळांचा, सगळा चोराच्या घरी गेला! माझा मेलेला नवरासुद्धा राहून गेला.

अध्यक्ष मंचामागे धावले. "नाव तू बोल! तोंडाने बोल!" बुन-थाईने टेप थांबवली, माइक घेतला, तोंड उघडलं. नाव जुन्या पद्यात गुंफायचं असतं, मागची ओळ आली तर पुढची येते. त्याला मागचीही येत नव्हती. त्याच्या पाठीमागे कुजबुजायला आज कोणी नव्हतं. कर्ण्यातून नुसता सुपारी चघळल्याचा आवाज आला.

खेळ पुन्हा करायला हवा यावर सगळ्यांचं एकमत झालं. कसा, ते देवीला विचारायचं ठरलं. अध्यक्षांनी गुडघे टेकले. "आई, टेप मागे नेऊन पुन्हा लावू का? नावाच्या जागी मी ओरडेन." कौल टाकले. दोन्ही उताणे पडले, होकारही नाही, नकारही नाही. म्हणजे देवी हसली.

"आई, बुन-थाई कागदावर बघून वाचेल, चालेल?" देवी हसली.

"आई, शेजारच्या गावचा मास्तर बोलावू?" देवी पुन्हा हसली. तिला फार दिवसांनी करमणूक मिळाली असावी.

मी दुधाने चिकट झालेले हात ॲप्रनला पुसले. धूपपात्र माझ्या घरी होतं, कौल टाकायचा मान माझा होता, आणि तो वापरायचा असतो हे मला त्याच क्षणी सुचलं. मी अध्यक्षांच्या हातातून कौल घेतले. "माचोआई, बी-खिमने खेळ केला तर तुला आवडेल का?"

एक उताणा, एक पालथा. होकार. पुन्हा टाकले, होकार. पुन्हा टाकले, होकार.

"वहिनी, तुम्ही नीट टाकले नाहीत," अध्यक्ष म्हणाले.

"मग तुम्ही टाका."

त्यांनी टाकले. होकार. पाहुण्यांसमोर बायको मध्येच बोलली की नवरा जसा बघतो, तसं त्यांनी देवीकडे बघितलं.

बी-खिम मंचामागे गेली. बुन-थाई पेटाऱ्यावर फुगून बसला होता. "दादा, ऊठ." तो उठला. तिने दाढीवाला हातात चढवला, ढोलवाल्याकडे पाहून मान हलवली.

खेळ कसा झाला ते मी सांगणार नाही, मला नीट दिसलंच नाही, डोळ्यांत पाणी होतं. ऐकू मात्र आलं. देव आले, आशीर्वादाच्या ओळीपर्यंत पोचले. मी सवयीने नवऱ्याच्या नावाची वाट बघत होते.

"यंदाच्या धूपपात्राच्या मानकरी," दीर्घायुषी देव म्हणाला, "खो गिओक-लान."

शेजारची कालवंवाली म्हणाली, "ही कोण गं?"

"मी," मी म्हटलं. लग्न होऊन या गावात आल्यापासून ते नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आज ते समुद्रापर्यंत ऐकू गेलं होतं.

शेवटी खेळ सादर करणाऱ्याचं नाव सांगायचं असतं. इतकी वर्षं तिने तिथे बापाच्या आवाजात बापाचं नाव सांगितलं होतं. आज देवाचा नाही, बापाचा नाही, एक साधा, थोडा कापरा, बाईचा आवाज आला. "खेळ केला लिआऊ बी-खिमने."

"आवाज जरा बारीक वाटतो, नाही?" अध्यक्ष आजूबाजूला विचारत होते. मग त्यांनीच टाळ्यांना सुरुवात केली. आता ते सगळ्यांना सांगतात की बी-खिमला पहिली संधी त्यांनी दिली.

मी वाटीभर दूध घेऊन मागे गेले. ती पेटाऱ्यावर बसली होती, पाय पसरून, पाठ टेकून. नटांचा देव आत होता की नाही कोणास ठाऊक, असला तर गप्प होता. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ जास्त झालंय, गिओक-लान."