सुक्या मातीचं माप

आमचा पेणचा कारखाना म्हणजे गणपतीचा कारखाना. वडील मूर्ती घडवायचे, धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली होता आणि मी रोह्याला एका केमिकल कंपनीत, मालाची मापं तपासायच्या खात्यात. कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात, डोळे न काढलेल्या मूर्तींच्या फळीखाली, भावाने साडेतीनशे सीसीची जुनी मोटारसायकल उघडून ठेवली होती. घाटातली शर्यत तीन आठवड्यांवर होती. त्याने उंच डोक्याचा पिस्टन आणला होता आणि व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम.

असं केलं की एक गोष्ट मोजावीच लागते. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह खाली उतरलेला असतो, आणि दोघांमध्ये फट उरली पाहिजे. आम्ही दोन मिलिमीटर धरली होती. वेगात व्हॉल्व्हची स्प्रिंग मागे पडते, त्यासाठी एवढी जागा लागते. ती खाल्ली गेली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. व्हॉल्व्ह तुटला तर इंजिन जागच्या जागी धरतं, मागचं चाक अडकतं आणि वर बसलेला माणूस रस्त्यावर जातो. हे मीच त्याला वहीत चित्र काढून समजावलं होतं.

फट मोजायला पिस्टनच्या डोक्यावर मऊ मातीचा गोळा ठेवायचा, इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आवळायचं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि परत उघडायचं. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उठतो. ठशाखाली जिथे माती सगळ्यात पातळ, तेवढी फट. मातीला आमच्याकडे काय तोटा! भावाने शाडूच घेतला.

रविवारी मी दुपारच्या एसटीने पेणला पोचलो तोवर त्याने सकाळीच ठसा घेऊन, तारेने कापून चकती खिडकीत ठेवली होती. ती खडखडीत वाळली होती. खाली चिठ्ठी : १.८५.

"दादा, कमी पडतंय काय रं?"

मी माझा व्हर्निअर उचलला.

"दाबू नको, मोडंल ती," तो म्हणाला. "मोजलंय मी. चिठ्ठी लिवलीय ती काय शोभेला?"

मी व्हर्निअर खाली ठेवला. आमच्या कारखान्यात ओल्या मातीचं माप कुणी सांगत नाही. शाडू सुकला की दहातला एक भाग आटतो. गिऱ्हाइकाला मूर्तीची उंची सांगायची ती सुकलेली. लहानपणापासून कानांवर हेच. मी चिठ्ठीच्या पाठीवर गणित केलं : १.८५ ही सुकी, म्हणजे ओली असताना २.०५.

"चालेल," मी म्हणालो. "जोडून टाक."

"बघ हां. तू चालेल म्हनलास म्हनून बसतोय तिच्यावर. नायतर भूत होऊन आलो तरी वहिनी मला घरात घ्यायची नाय."

दोघंही हसलो. चकती मी काडेपेटीत घालून खिशात ठेवली; मापाचा नमुना टाकायचा नाही ही सवय. उद्या दुपारी गाडी घेऊन रोह्याला येतो, असं तो म्हणाला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, काही कारण नसताना, मी ती चकती मायक्रोमीटरखाली धरली. १.६७. पुन्हा धरली, जागा बदलून धरली. १.६७. टेबलावर पाटीभर ऊन होतं.

कारखान्यात फोन लावला. वडिलांनी उचलला.

"बाबा, तो कुठे आहे?"

"गेला की आत्ताच. नुस्ता धूर. गडब गाठलं असंल त्यानं."

"काल ती चकती त्याने कधी मोजली? सुकल्यावर?"

"सुकंस्तोवर दम हाय काय त्याला? ओलीच मोजली, माझ्यासमोर. का रं? काय झालं?"

काही नाही म्हणालो. म्हणजे १.८५ हीच खरी फट होती. आटीचा भाग मी उगाच चढवला होता, आणि नसलेल्या जागेवर त्याला बसवलं होतं.

चालत्या गाडीवर त्याला गाठायचा काही मार्ग नव्हता. पेणहून गडब, नागोठण्यामार्गे रोहा चाळीसेक किलोमीटर. सरळ रस्ता कुठे लागतो आणि तो मूठ कुठे पिळणार, हेही मला पाठ होतं. मी कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. तास झाला. एक ॲम्ब्युलन्स नागोठण्याच्या दिशेने गेली. वॉचमन म्हणाला, "साहेब, सावलीत या." मी हललो नाही. सव्वा तास.

मग आवाज आला. जाड, सलग, आणि त्याच्या पोटात एक बारीक टक्-टक्, भिंतीतल्या घड्याळासारखी.

त्याने गॉगल वर केला. चेहरा धुळीने भरलेला, खुशीत. "दादा, काय खेचते रं! गडबच्या पुढं पुरी सोडली. तवा एकदाच टक् झालं, मग हा आवाज—"

"बंद कर."

"अरे ऐक तर—"

"आधी बंद कर!"

माझ्या खोलीपर्यंत आम्ही गाडी ढकलत नेली. हेड उघडलं. पिस्टनच्या डोक्यावर नखाएवढी चकचकीत कोर उठली होती, आणि व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका वाकला होता. त्याने कोरीवरून बोट फिरवलं. मी गणित सांगितलं, माझी चूक कुठे झाली तेही.

"पन तू मोजलंवतंस ना?" त्याने विचारलं.

"नाय. तुझ्या चिठ्ठीवरून."

 त्याने चिंधीला हात पुसले.

पुढच्या रविवारी नवा व्हॉल्व्ह आला, पिस्टनमधली व्हॉल्व्हसाठीची खाच खोल केली, पुन्हा शाडू ठेवला. तार मी धरली, चकती त्याने कापली. व्हर्निअर माझा होता. तो त्याने माझ्या हातातून घेतला, ओली चकती तीन जागी मोजली आणि चिठ्ठीवर लिहिलं : २.३०, ओलं. 'ओलं'खाली दोन रेघा मारल्या. फळीवरच्या मूर्तींना अजून डोळे नव्हते. मी तार हातात धरून उभा होतो, तो आता 'चालंल काय रं' विचारेल म्हणून.

त्याने चिठ्ठी घडी करून खिशात घातली, आणि न विचारताच हेड आवळायला घेतलं.