तीन लाथा आणि वर एक

माझ्या अंगात एकच गुण होता आणि तो मी जन्मतानाच दाखवून मोकळा झालो होतो : मी पायाळू होतो.

पायाळू म्हणजे डोक्याऐवजी पायांकडून जन्मलेला. आमच्या वरवंडला कुणाच्या पाठीत उसण भरली, की माणूस वाकल्या वाकल्याच आमच्या घरी यायचा, ओसरीवर पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीला डाव्या पायाच्या तीन हलक्या लाथा लावायचो. (सरपंचांनासुद्धा! लोकशाहीत हे सुख फार थोड्यांना मिळतं.) माणूस सरळ होऊन जायचा आणि जाताना नारळ ठेवायचा. कारखान्यात मी साधा स्टोअरकीपर, पण गावात 'पायाळू तात्या' आले म्हटलं की चहा न सांगता यायचा.

एकच गोष्ट मला कधी कळली नाही. पायाळू माणसावर वीज पडते असं आमच्याकडं म्हणतात. लहानपणी आभाळ गडगडलं, की आई माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, दंडाला धरून घरात ओढायची आणि मला म्हणायची, "जा रं बाळू, तेवढ्या शेळ्या सोडून आण!" आईचा माझ्या धाडसावर फार विश्वास आहे, असं मला वाटायचं.

तर माझी मुलगी स्नेहल कबड्डी खेळते. खेळते म्हणजे, वरवंडच्या मुलींच्या संघाचे निम्मे गुण ती एकटीच आणते. या वर्षी दौंडच्या स्पर्धेत आमचा संघ पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचला. स्नेहल पुढच्या महिन्यात नर्सिंगला पुण्याला जाणार, त्यामुळं या पोरींबरोबरची तिची ही शेवटचीच स्पर्धा. सामना रविवारी, आणि समोर भांडगाव! भांडगावात आमची अक्का दिलेली, आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, त्या संघाचे मॅनेजर. आठवडाभर ते फोनवर मला 'बाळासाहेब' म्हणायचे सोडून 'वरवंडकर' म्हणत होते.

गुरुवारी संध्याकाळी स्नेहल प्रॅक्टिसला निघाली आणि माझ्यातला बाप जागा झाला.

"आज जाऊ नको. सामना तोंडावर आलाय, कुठं लागलं-बिगलं म्हंजी?"

"पप्पा, सर ओरडतील."

"सरांना मी सांगतो. तू घरीच थांब, सेफ राहा. आन् रिकामीच हायेस तर तेवढं दळण घेऊन ये."

दळणाचा डबा स्कूटीवरून उतरवायला स्नेहल वाकली, ती वाकलेलीच राहिली.

पाऊण तासात बातमी गावभर झाली. दौंडच्या डॉक्टरांनी तपासलं, स्नायू आखडलाय म्हणाले, गोळ्या दिल्या आणि "रविवारचं रविवारी बघू" असं सांगितलं. गावाला हे अजिबात पटलं नाही. शुक्रवारी सकाळी आमच्या अंगणात इतकी माणसं जमली, की रस्त्यानं जाणाऱ्या एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"तात्या, घरात पायाळू असताना पोरगी आडवी? लोकं काय म्हणतील?"

"लावा की लाथ! वाट कुणाची बघताय?"

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, डावा पाय धुतला आणि स्नेहलच्या पाठीला तीन लाथा लावल्या.

"कसं वाटतंय?"

"तसंच," ती चटईत तोंड खुपसून म्हणाली.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, पूर्वेला तोंड करा. कुणी म्हणालं, टाचेनं नको, अंगठ्यानं लावा. संघाचे सर (हे शाळेत विज्ञान शिकवतात!) म्हणाले, कोन जरा बदलून बघा. दिवसभरात मी इतक्या लाथा लावल्या, की शेवटी माझीच मांडी धरली. शनिवारी उजाडताच मी पुन्हा पाय उचलला, तर तोल जाऊन थेट घंगाळावर पडलो. घंगाळ चेपलं. स्नेहल तशीच! तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाठीमुळं नव्हतं. "सरांना सांगा, माझ्या जागी दुसरी घ्या," ती म्हणाली.

आई कोपऱ्यात शेंगा फोडत होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"बाळू, पाय खाली ठिव. तू पायाळू न्हाईस."

अंगणातली माणसं अजून आली नव्हती, हे माझं नशीब.

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी? तू चांगला डोक्याकडनं झालास. पायाळू अक्का हाय."

मी सहा वर्षांचा असताना शेजारचे आबा उसण घेऊन दारात आले होते. अक्का गेली होती मामाच्या गावाला. "कण्हत आलेल्या माणसाला माघारी कसं लावू? तुला पुढं केलं," आई म्हणाली. आबा ताठ उभे राहिले आणि त्यांनी गावभर माझं नाव केलं. "तू अंगानं काडी, शाळंत बी यथातथाच. म्हणलं, पोराला कशाचा तरी मान मिळतोय, मिळू दे."

"आन् त्या शेळ्या?" मी विचारलं.

"कंच्या शेळ्या?"

"विजा चमकताना मला आणायला लावायचीस त्या!"

"मग? तुझ्यावर कशाला पडंल वीज?"

स्नेहल हसली आणि लगेच "आई गं" म्हणाली. दुसऱ्याच मिनिटाला मी गाडी काढली. आता उपाय होता तो भांडगावात, मॅनेजरच्या घरात. दाजी सकाळी मैदानावर असणार, आपण मागच्या दारानं जाऊन मागच्या दारानं येऊ, असा माझा बेत होता.

दाजी घरीच होते. ओट्यावर बसले होते, आणि त्यांच्याभोवती भांडगावचा अख्खा संघ पोहे खात होता!

"या वरवंडकर! सकाळीच?" दाजींची नजर माझ्या मागं गेली. "ही पोरगी वाकून का चालतीया?"

"तुमच्या पाया पडायला," मी म्हणालो.

झालं. स्नेहलनं दाजींचे पाय धरले. आता सरळ तर होता येईना, म्हणून ती तशीच पुढं सरकली आणि दाजींच्या शेजारी बसलेल्या मुलीच्याही पाया पडली. मग तिच्या पलीकडचीच्या. असं करत तिनं भांडगावच्या सगळ्या संघाचे पाय धरले आणि वाकूनच उंबरा ओलांडला. "बघा," दाजी आपल्या पोरींना म्हणाले, "याला म्हणायचं वळण!"

अक्का आत भाकरी थापत होती. तिनं स्नेहलकडं एकदा पाहिलं आणि तवा उतरवला.

"उसण न्हवं?"

"अक्का," मी म्हणालो, "आईनं सांगितलं मला. सगळं."

तिचे हात पिठातच थांबले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला काय नवं हाय त्यात? मामाच्या गावावरनं आले तवा दारात ही माणसं. आन् मधी तू, छाती काढून हुबा. तवर तुला कोण नावानं सुदिक हाक मारत न्हवतं, काड्या म्हणायची पोरं. आन् त्या दिवशी एक म्हातारं तुला अहो-जाहो करत हुतं. माझ्यानं सांगवलं न्हाई बाबा."

एवढी वर्षं मी नारळ फोडून खात होतो, आणि राखीला तिच्याही घरी त्यातलाच एखादा घेऊन यायचो. तीही तो हसून घ्यायची. मला एकदम भरून आलं. मी तिच्या पदराचं टोक धरून उभा राहिलो, लहानपणी राहायचो तसा.

"पप्पा, नंतर रडा," स्नेहल फरशीवर पालथी पडत म्हणाली. "आत्या, लाव लवकर!"

"लावते की. पर मी भांडगावची हाय," अक्का डोळे पुसत म्हणाली. "दोनच लाथा लावू का?"

मग हसत तिनं तिन्ही लावल्या, आणि नंतर कितीतरी वेळ स्नेहलच्या पाठीवरून नुसता हात फिरवत बसली.

डॉक्टरांच्या गोळीनं असेल किंवा अक्काच्या पायानं, पण रविवारी सकाळी स्नेहल अंथरुणातून ताठ उठली. दौंडच्या मैदानावर दोन्ही गावं लोटली होती. शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते आणि स्नेहल निघाली. भांडगावच्या बाजूला दाजी ओरडत होते, "पकडा गं! पाठीला धरा!" आणि त्यांच्या शेजारी अक्का ओरडत होती, "पाठीला नको गं! पायाला धरा!" पोरींचा क्षणभर गोंधळ उडाला असावा. स्नेहल एकीला शिवली आणि मधल्या रेषेवर पोचली.

एका गुणानं जिंकलो! मी इतक्या जोरात उडी मारली, की खाली आलो तो वाकलेलाच. पाठीत अशी कळ गेली, की मला माझेच बूट तेवढे दिसत होते.

"काय झालं तात्यांना?"

"उसण भरली!"

"अरे, पायाळूला कुठं उसण भरती?"

मैदान ओलांडून अक्का येताना मला तिची चप्पल दिसली. तिनं मला दोन्ही गावांसमोर पालथं पाडलं. दाजी मागून म्हणत होते, "माझ्याच घरात पायाळू, आन् मलाच पत्ता न्हाई? कालच्या पाया पडण्याचा अर्थ आत्ता लागला मला!"

अक्कानं तीन लाथा मोजून लावल्या. अगदी हलक्या. मी "हुश्श" करून उठायला लागलो, तोच चौथी बसली. ही मात्र सणसणीत होती.

"अक्का, तीनच असतात!"

"ती पायाळू म्हणून हुती," अक्का म्हणाली. "ही थोरली बहीण म्हणून."

आता मी गावात कुणाला सांगत नाही, पण इथं लिहून ठेवतो : पहिल्या तिन्हींनी मला काडीचाही फरक पडला नव्हता. सरळ झालो तो चौथीनं.