तिथी माहीत नसलेली आई

मुलांनो, ही गोष्ट तुमचे आजोबा सौदीत रास तनुराच्या रिफायनरीत होते तेव्हाची, दोन हजार सालानंतरची. तिथे उघड पूजा करायला बंदी, म्हणून आमचे देव कपड्यांच्या कपाटात असत आणि पितृपक्षातलं पान मी पडदे ओढून वाढत असे. घास मात्र मागच्या भिंतीवर ठेवावाच लागे.

"अगं, कावळ्याकडे इकामा आहे का विचार आधी," आजोबा चिडवत. इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना.

त्या दिवशी माझ्या सासूबाईंची तिथी होती. घास ठेवून वळले, तर दाराशी शेजारच्या बाई उभ्या. एका ब्रिटिश इंजिनिअरची म्हातारी आई, मुलाकडे राहायची. दर नाताळात मी त्यांना करंज्या देत असे. आमचं बोलणं इंग्रजीतच.

"हे कुणासाठी गं?"

"सासूबाईंसाठी. माणूस ज्या तिथीला गेलं, त्या तिथीला करायचं."

"आणि दिवस माहीत नसेल तर?"

"माहीत कसा नसेल? हॉस्पिटलात विचारायचं!"

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मी ज्यू आहे. इथे कुणाकडे बोलू नकोस, मुलाची नोकरी जाईल."

सात वर्षांच्या असताना आईने त्यांना व्हिएन्नात, ज्यू मुलांना हिटलरपासून वाचवून इंग्लंडला नेणाऱ्या गाडीत एकटीला बसवलं होतं. 'मागून येते' म्हणाली. मग युद्ध लागलं. पुढे एवढंच कळलं, की घरच्यांना पूर्वेकडच्या छळछावण्यांत नेलं.

मी हातात रिकामी वाटी घेऊन तशीच उभी. चार वर्षं मी या बाईंना 'मेरी ख्रिसमस' म्हणत होते!

"आमच्यात वर्षातून एकदा, माणूस गेलं त्या दिवशी, मेणबत्ती लावतात. आईसाठी मी कधीच लावली नाही. कोणत्या दिवशी लावू? आणि लावली, तर ती मेली असं मीच म्हटल्यासारखं होईल."

"असत्या तर केवढ्या असत्या?"

"शंभरीच्या आसपास." त्या स्वतःशीच हसल्या. "कळतं गं मला."

मी सांगितलं, ज्यांची तिथी माहीत नसते, त्यांच्यासाठी आमच्यात सर्वपित्री अमावस्या असते. त्या उठून घरी गेल्या.

अमावस्येला मी पडदे ओढत होते, तेवढ्यात त्या आल्या. स्वेटरच्या खिशात मेणबत्ती. ओट्यावर ठेवली, काडेपेटी माझ्यापुढे केली.

"तू लाव."

"नाही. हे लेकरानेच करायचं."

दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली. ज्योत स्थिर होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्या निरांजनाकडे गेली.

"हे छोटं देशील? भावासाठी."

"भाऊ?" इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

"चार वर्षांचा होता. गाडीत घालायला फार लहान, म्हणून आईने त्याला जवळ ठेवून घेतलं."

आजोबा दारात उभे होते. मी वात घातली, तूप ओतायला गेले, तर निम्मं ओट्यावर सांडलं. बाईंनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला आणि उरलेलं तूप स्वतःच घातलं.