मामाची मिजास

आमच्या घरात एकेका माणसाला एकेक शब्द वाटून दिलेला होता. शेजारीण 'तोरा' मिरवायची, मी नवे कपडे घातले की 'भाव' खायचे, बाबा 'हेका' धरायचे. मिजास मात्र फक्त मामाची. आई दुसऱ्या कुणावर तो शब्द खर्चायची नाही. लहानपणी मी अर्थ विचारला, तर म्हणाली, "हाक मारली तरी ओ द्यायची नाही, ती मिजास."

मामा छापखान्यात मशीनवर होता. तिथे एवढा खडखडाट, की सगळे हातवाऱ्यांनीच बोलत. एकटा जीव, तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकी मागच्या भिंतीकडे. आईचे गुडघे दुखायचे, म्हणून रविवारी ती जिन्याच्या तळाशी उभी राहून "दादा!" अशी हाक मारायची आणि तो खाली यायचा. मग दोघं कोपऱ्यावर चहा पीत बसायची.

तो निवृत्त झाला आणि ओ येईनाशी झाली. आईने लागोपाठ तीन रविवार घसा फोडला. वर दार उघडं होतं, त्याच्या दिव्याचा उजेड जिन्यात पडलेला दिसत होता. "एवढी मिजास? मीही त्याचीच बहीण आहे," म्हणाली आणि जायची थांबली. रस्त्यात कुणी विचारपूस केली तरी तो सरळ पुढे जायचा म्हणे. शिष्ट, मिजासखोर, फुकटचा नवाब. नावं ठेवायला लोकांचं काय जातं!

शेवटी मीच तणतणत वर गेले. दार सताड उघडं. मामा पाठमोरा बसून शर्टाला बटण लावत होता.

"मामा!" मी ओरडले. सुई थांबली नाही. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा तो दचकला आणि माझ्या ओठांकडे बघायला लागला. माझा राग तिथल्या तिथे जिरला.

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मशीनने नेले गं कान, हळूहळू. बहिऱ्याला लोक हसतात. मिजासखोराला निदान दबकून असतात."

"घरी तरी यायचंस."

"तुम्ही सगळे एकदम बोलता. कुणाकुणाचं तोंड बघू?" तो बटणाशी चाळा करत राहिला. "रविवारी दार उघडं ठेवतो. म्हटलं, आपली ओ गेली नाही तर तुझी आई येईल वर. नाही आली. मिजास काय मलाच आहे?"

इतके रविवार हा माणूस दार उघडं ठेवून वाट बघत बसला होता.

आईला सांगितलं. तिने चपला घातल्या, आणि कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर टेकत वर पोचली. मामा पाठमोरा उभा राहून चहा गाळत होता. सवयीने तिने दारातूनच हाक मारली, "दादा!"

तो गाळतच राहिला.

आई उंबऱ्यावर मटकन बसली. "मिजासखोर मेला," ती म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून इतका हळू मी कधीच ऐकला नव्हता.

मामा वळला. तिला बघितलं आणि हातातला कप तसाच पुढे केला. घरात कप एकच होता.