दारातल्या जोड्या

दिवाळीत आम्ही जेद्दातली पाच मराठी घरं एकमेकांची सजावट बघत फिरतो. मिठाईऐवजी तांदूळ, चहापूड, साबण असं काहीतरी न्यायचं. ते सगळं नंतर कामगारांच्या कॅम्पात जातं. यंदा सामान न्यायला कॅम्पातलाच एक सुतार पिकअप घेऊन आला होता. राजापूरकडचा, पन्नाशीचा. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी चार दिवस खपून कंदील केला होता, दाराच्या आत रांगोळी काढली होती. त्यामुळे कोण काय बघतंय याकडे माझं बारीक लक्ष. हा माणूस सजावटीकडे बघतच नव्हता. प्रत्येक घरी स्वतःचे सेफ्टी बूट बाहेर काढायचा, दाराच्या आतच उकिडवा बसायचा आणि तिथल्या चपलांच्या ढिगातून जोड्या लावायचा. मुलांच्या पुढे, बायकांच्या मागे, पुरुषांच्या भिंतीला टेकून. मला रागच आला.

आमच्या दारातही तेच. मी म्हटलं, "दादा, राहू द्या ते. आत या, फराळ करा."

"येतो, वहिनी." त्याच्या हातात माझ्या मुलीची चप्पल होती. तिचा बंद तो अंगठ्याने पुसत होता. "आमच्याकडे दाराशी शंभर जोड असतात. पण सगळे आठ-नऊ नंबरचेच."

मग तो आत आला, चकली खाल्ली, कंदील छान झालाय म्हणाला.

तेवढ्यात मी बाहेरून त्याचे बूट आत आणले आणि मुलीच्या चपलांशेजारी ठेवले. रांगोळीची एक कड विस्कटली. ती मी पुन्हा काढली नाही.